आठ सह्या आणि एक खुलासा : सीटो-सेंटोच्या ‘संरक्षणा’ची गोष्ट

१/
समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी एक विधान नव्या उत्साहाने फिरू लागते. १९५४ साली भारत अमेरिकेच्या संरक्षण-करारात सामील झाला असता तर १९६२चा पराभव टळला असता; पाकिस्तानने व्यवहार ओळखला, नेहरूंनी तत्त्वांपायी संधी दवडली. विधान आकर्षक आहे आणि ते करणाऱ्यांचा आत्मविश्वासही दांडगा असतो. करार वाचल्याची खूण मात्र त्यात क्वचितच दिसते. वास्तविक तो फार लहान आहे : अवघी अकरा कलमे, आणि शेवटी एका देशाने जोडलेला एक खुलासा. या साखळीचा विषय मुख्यतः तो खुलासाच आहे.

२/
पार्श्वभूमी थोडक्यात. मे १९५४मध्ये दिएन बिएन फू येथे फ्रेंच सैन्याने शरणागती पत्करली. जुलैमध्ये जिनिव्हा येथे व्हिएतनामची तात्पुरती विभागणी ठरली. त्यानंतर सातच आठवड्यांनी, ८ सप्टेंबर १९५४ रोजी, मनिला येथे आग्नेय आशिया सामूहिक संरक्षण करारावर आठ देशांनी सह्या केल्या : अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पाकिस्तान, थायलंड आणि फिलिपिन्स. पुढे या करारातून जी संघटना उभी राहिली ती ‘सीटो’.

नावात आग्नेय आशिया. प्रत्यक्ष आग्नेय आशियातले देश दोनच. इंडोनेशिया, ब्रह्मदेश, श्रीलंका (तेव्हाचे सिलोन) आणि भारत दूर राहिले. ज्यांच्या संरक्षणासाठी हा खटाटोप असल्याचे सांगितले जात होते, त्यांपैकी बहुतेकांनी ते संरक्षण मागितलेलेच नव्हते.

३/
आता कलमांकडे. १९४९च्या नाटो करारातील पाचव्या कलमानुसार एका सदस्यावरील सशस्त्र हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानला जातो. मनिला कराराचे चौथे कलम वरवर तसेच भासते, पण त्याची भाषा वेगळी आहे. करारक्षेत्रात हल्ला झाल्यास तो ‘आपल्या शांततेला व सुरक्षिततेला धोका’ आहे असे प्रत्येक देश मान्य करतो, आणि आपल्या घटनात्मक प्रक्रियेनुसार त्याला तोंड देण्याचे आश्वासन देतो.

म्हणजे तोंड कसे द्यायचे, कधी द्यायचे, सैन्याने की निषेधपत्राने, हे ज्याचे त्याने ठरवायचे. संयुक्त सेनापती नाही, राखीव फौज नाही. सशस्त्र हल्ल्याव्यतिरिक्त अन्य धोका उद्भवल्यास, त्याच कलमाच्या दुसऱ्या परिच्छेदानुसार, केवळ विचारविनिमय.

४/
आणि मग तो खुलासा. करारावर सही करताना अमेरिकेने स्वतःपुरते नोंदवून ठेवले की, चौथ्या कलमातील ‘आक्रमण’ म्हणजे आपल्या लेखी केवळ कम्युनिस्ट आक्रमण. अन्य कोणी हल्ला केल्यास आपण विचारविनिमय करू.

बाकी सात देशांनी असा खुलासा जोडलेला नाही. आठांमध्ये ज्याच्या शस्त्रबळावर साऱ्यांची भिस्त होती, त्या एकाने आपली जबाबदारी एकाच शत्रूपुरती आखून घेतली. यात लपवाछपवी काहीच नव्हती. सर्वांसमक्ष, मूळ दस्तऐवजातच हे छापलेले आहे. त्यामुळे ‘अमेरिकेने पाकिस्तानला फसवले’ हे इस्लामाबादेत पुढे रूढ झालेले रडगाणे इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

५/
पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान यांना हे कळले नसेल काय? ते निष्णात कायदेपंडित होते, पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अध्यक्षही झाले. करारावरील त्यांच्या सहीपाशी एक ओळ आहे. तिचा आशय असा की, ही सही करार आपल्या सरकारकडे विचारार्थ व पाकिस्तानच्या घटनेनुसार कार्यवाहीसाठी पाठवण्यापुरती आहे. इतकी जपून केलेली सही या करारावर दुसरी नाही. कराची सरकारने पुढे जानेवारी १९५५मध्ये कराराला मान्यता दिली, तीही तो खुलासा आहे तसा ठेवून.

६/
मग मान्यता दिली का? येथे दुसऱ्या बाजूचे सुलभीकरणही बाजूला सारले पाहिजे. ‘हे सारे देश महासत्तेच्या हातचे बाहुले होते’ असे म्हणणारे, दुबळ्या राष्ट्रांनाही स्वतःचे हिशेब असतात हे विसरतात. पाकिस्तानचा हिशेब स्पष्ट होता. त्याला शस्त्रे हवी होती आणि ती भारतासमोर उभी करायची होती. १९ मे १९५४ रोजी अमेरिकेशी झालेल्या परस्पर संरक्षण-साहाय्य कराराने शस्त्रांचा मार्ग मोकळा केला होता. सीटोचे सदस्यत्व हे त्या मार्गावर भरलेले पथकर होते. वॉशिंग्टनला सोव्हिएत संघाच्या दक्षिणेस तळ व मित्र हवे होते. एकाच टेबलाशी दोघे बसले, एकाच कागदावर दोघांनी सही केली, आणि दोघांच्या मनातले शत्रू निराळे होते.

तेव्हा फसवणूक झालीच असेल तर ती दोघांनी परस्परांची केली. ही शस्त्रे भारताविरुद्ध वापरली जाणार नाहीत, असे आश्वासन राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी फेब्रुवारी १९५४मध्ये नेहरूंना पत्राने दिले होते. अकरा वर्षांनी त्या आश्वासनाचे काय झाले ते खेमकरणच्या शेतांत दिसले.

७/
सीटोचे भावंड म्हणजे बगदाद करार. २४ फेब्रुवारी १९५५ रोजी इराक व तुर्कस्तान यांनी तो केला. त्याच वर्षी ब्रिटन, पाकिस्तान व इराण त्यात आले. सोव्हिएत सीमेलगत ‘उत्तरेची फळी’ उभारण्याची कल्पना अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांची. आणि कल्पना ज्यांची, तो देश मात्र पूर्ण सदस्य झालाच नाही! अरब राष्ट्रे आणि इस्रायल या दोहोंची नाराजी टाळण्यासाठी अमेरिका समित्यांत बसली, पैसा पुरवला, सही केली नाही. घर बांधणाऱ्याने स्वतः त्यात राहायला नकार द्यावा, तसाच हा प्रकार.

८/
या कराराने सोव्हिएत संघाला मध्यपूर्वेतून रोखायचे होते. घडले ते उलट. बगदादला मिळणारे महत्त्व पाहून कैरोत नासर संतप्त झाले. सप्टेंबर १९५५मध्ये इजिप्तने चेकोस्लोव्हाकियामार्फत सोव्हिएत शस्त्रे मिळवली. गाझावरील इस्रायली हल्ला हे त्यामागचे मोठे कारण होतेच, पण बगदाद कराराचा वाटाही लहान नव्हता. भिंत बांधली उत्तरेला. पाहुणा दक्षिणेच्या दाराने आत आला.

९/
एप्रिल १९५५मध्ये बांडुंगला आशिया-आफ्रिकेतील २९ देश जमले तेव्हा या करारांवरून उघड खडाजंगी झाली. नेहरूंनी करारांवर कठोर टीका केली. फिलिपिन्सचे कार्लोस रोम्युलो आणि पाकिस्तान, तुर्कस्तान, इराक यांचे प्रतिनिधी त्यांच्या बाजूने उभे राहिले. अंतिम निवेदनाच्या दहा तत्त्वांत हा वाद जसाच्या तसा गोठला आहे. एक तत्त्व प्रत्येक राष्ट्राचा एकट्याने किंवा सामूहिकरीत्या स्वसंरक्षण करण्याचा हक्क मान्य करते. लगेच पुढचे सांगते की, सामूहिक संरक्षणाच्या व्यवस्था कोणत्याही बड्या सत्तेच्या विशिष्ट हितासाठी वापरू नयेत.

बांडुंगचे वर्णन ‘भावनिक मेळावा’ असे करणाऱ्यांनी ही दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचावीत. नवस्वतंत्र देशांनी या प्रश्नाचा इतका नेमका विचार फार थोड्या वेळा केला आहे.

१०/
बगदाद करारातून बगदादच कसे गळाले, हा या कहाणीतला सर्वांत बोलका भाग. इराकचे पंतप्रधान नुरी अस-सईद हे कराराचे खंदे पुरस्कर्ते. पण १९५६मध्ये करारातीलच एक सदस्य, ब्रिटन, सुएझसाठी इजिप्तवर चालून गेला आणि अरब जनतेसमोर नुरींना तोंड दाखवणे कठीण झाले.

जुलै १९५८मध्ये जॉर्डनच्या मदतीसाठी निघालेल्या इराकी तुकड्या बगदादवरून जाणार होत्या. १४ जुलैच्या पहाटे त्या शहरात थांबल्या आणि त्यांनी राजवाड्याला वेढा घातला. राजे फैसल दुसरे मारले गेले, दुसऱ्या दिवशी नुरीही. बाहेरच्या शत्रूसाठी सज्ज केलेल्या फौजेने आपल्याच राज्यकर्त्यांना संपवले. करारात या प्रसंगासाठी कलम नव्हते. असणेही शक्य नव्हते. त्याने राजवटीशी नाते जोडले होते, जनतेशी नव्हे. मार्च १९५९मध्ये इराक अधिकृतपणे बाहेर पडला, कार्यालय अंकाराला गेले आणि संघटनेचे नाव ‘सेंटो’ झाले.

११/
त्याच महिन्यात, ५ मार्च १९५९ रोजी, धास्तावलेल्या तुर्कस्तान, इराण व पाकिस्तान यांच्याशी अमेरिकेने अंकारा येथे स्वतंत्र द्विपक्षीय करार केले. पाकिस्तानी मुत्सद्दी पुढे अनेक वर्षे या कराराचा दाखला देत राहिले, कारण त्यात सशस्त्र सैन्याच्या वापराचा स्पष्ट उल्लेख आहे. अर्धे वाक्य वाचण्याचे हे उत्तम उदाहरण. उरलेले अर्धे सांगते की, ही कृती परस्परसंमतीने आणि अमेरिकी काँग्रेसच्या मध्यपूर्वविषयक संयुक्त ठरावात अभिप्रेत असल्याप्रमाणे होईल. तो ठराव १९५७चा, ‘आयझेनहॉवर सिद्धान्त’ म्हणून प्रसिद्ध असलेला. आणि त्यातील सैन्यवापराची तरतूद आंतरराष्ट्रीय कम्युनिझमच्या नियंत्रणाखालील देशाने केलेल्या आक्रमणापुरती आहे.

म्हणजे १९५४चा तोच खुलासा, फक्त एका संदर्भाआड सरकवलेला.

१२/
जोखीम मात्र ताबडतोब आणि पूर्णपणे पदरात पडली. १ मे १९६० रोजी सोव्हिएत संघाने स्वेर्दलोव्स्कजवळ पाडलेले अमेरिकेचे यू-२ हेरविमान पेशावरहून उडाले होते. ख्रुश्चेव्ह यांनी पेशावरचे नाव घेऊन जाहीर धमकी दिली. वैमानिक अमेरिकी, विमान अमेरिकी, छायाचित्रे अमेरिकेसाठी. सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात आले ते पाकिस्तानातले एक शहर.

१३/
थायलंडची कथा वेगळी आहे आणि अधिक शिकवणारी. १९६०-६१मध्ये शेजारच्या लाओसात यादवी भडकली तेव्हा सीटोने हस्तक्षेप करावा, अशी बँकॉकची इच्छा होती. ब्रिटन व फ्रान्स राजी नव्हते आणि संघटना एकमताशिवाय हलत नव्हती. थाई नेत्यांनी मग तक्रारी न करता सौदा केला. ६ मार्च १९६२ रोजी परराष्ट्रमंत्री थानात खोमान आणि अमेरिकेचे डीन रस्क यांनी संयुक्त निवेदन काढले : मनिला करारान्वये अमेरिकेची जबाबदारी सामूहिक आहे तशीच वैयक्तिकही आहे, इतरांच्या संमतीवर ती अवलंबून नाही.

बहुराष्ट्रीय कराराच्या पोटातून थायलंडने द्विपक्षीय हमी काढून घेतली. किंमतही मोजली : व्हिएतनाम युद्धात उदोन, कोराट, उतपाव येथील तळांवरून अमेरिकी विमाने बॉम्बफेकीसाठी उडत राहिली. लाओसने मात्र त्याच वर्षी जिनिव्हा येथे तटस्थता जाहीर करताना सीटोचे संरक्षण नाव घेऊन नाकारले. रक्षणाची छत्री ज्याच्या डोक्यावर धरायची, तोच ती बाजूला सारतो, हे दृश्य जरा नजरेसमोर आणावे.

१४/
मग या कराराचा उपयोग कोणाला झाला? ऑगस्ट १९६४चा टोंकिन आखात ठराव पाहावा. अमेरिकी काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांना व्हिएतनाममध्ये बळ वापरण्याची मुभा देताना आग्नेय आशिया सामूहिक संरक्षण कराराखालील जबाबदाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. सीटोने संघटना म्हणून व्हिएतनाममध्ये कधीही युद्ध केले नाही. पण महासत्तेला युद्धासाठी जो आधार हवा होता तो सीटोच्या कागदाने पुरवला. लहानांसाठी जे कलम सैल होते, तेच मोठ्यासाठी परवाना ठरले. सीटोला ‘फसलेला नाटो’ म्हणण्याची रीत आहे. ती चुकीची आहे. ज्याने तो लिहिला, त्याचे काम त्याने चोख केले.

१५/
आता मूळ विधानाकडे. १९६२मध्ये हल्ला करणारा चीन कम्युनिस्ट होता, तेव्हा खुलासाही आड आला नसता, असा युक्तिवाद होऊ शकतो, आणि तो गंभीरपणे घेण्याजोगा आहे. कराराने सदस्य आशियाई देशांचा सर्व प्रदेश संरक्षणक्षेत्रात धरला होता, हेही खरे. परंतु त्या परिस्थितीतही मिळाले असते ते एवढेच : ‘घटनात्मक प्रक्रियेनुसार’ कृती. म्हणजे केनेडी ठरवतील ते.

आणि केनेडींनी काय ठरवले ते ठाऊक आहे. क्युबातील क्षेपणास्त्रांचा पेच नुकता सुटत असताना, नोव्हेंबर १९६२मध्ये, कोणताही करार नसताना अमेरिकी विमाने भारतासाठी शस्त्रे घेऊन उतरू लागली. १९ नोव्हेंबरला नेहरूंनी हवाई दलाच्या मदतीची जी विनंती केली, ती अलिप्ततावादाच्या अभिमानी प्रतिमेला तडा देणारी होती; ते झाकण्यात अर्थ नाही. नेहरूंची चूक चीनला ओळखण्यात आणि सैन्य दुर्लक्षित ठेवण्यात होती. मनिलाला न जाण्यात ती शोधणे म्हणजे रोग एकीकडे आणि लेप दुसरीकडे.

१६/
सामील होण्याची किंमत काय पडली असती, हे कोकण-गोव्याच्या वाचकाला निराळे सांगायला नको. डिसेंबर १९६१मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले, तेव्हा सुरक्षा परिषदेत युद्धबंदी आणि भारतीय सैन्याच्या माघारीची मागणी करणारा ठराव मांडणाऱ्यांत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान होते. पहिले तीन सीटोचे संस्थापक, चौथा सेंटोचा. पोर्तुगाल नाटोचा सदस्य. सात विरुद्ध चार मतांनी मंजूर होऊ पाहणारा तो ठराव अडला तो केवळ सोव्हिएत नकाराधिकारामुळे. सीटोत बसलेल्या भारतासाठी तो नकाराधिकार मॉस्कोने वापरला असता, असे मानणाऱ्याची श्रद्धा मोठी म्हणायची.

१७/
आणि १९६५? करारबद्ध मित्र पाकिस्तान युद्धात उतरला तेव्हा अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबवला. भारताचा पुरवठा बहुविध असल्याने घाव सोसवला. पाकिस्तानची फौज जवळजवळ पूर्णपणे अमेरिकी साहित्यावर उभी असल्याने त्याला तो जिव्हारी लागला. समेट घडवला तो ताश्कंदला, सोव्हिएत संघाने. ज्याच्याविरुद्ध हे करार केले होते, त्याच्याच दिवाणखान्यात जानेवारी १९६६मध्ये सह्या झाल्या. अयुब खान यांच्या १९६७च्या आत्मचरित्राचे नावच ‘फ्रेंड्स नॉट मास्टर्स’ आहे. पुस्तक न वाचताही तक्रार समजते.

असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानने सुमारे शंभर रणगाडे गमावले, त्यांत पॅटनची संख्या मोठी. मुंबईत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर ‘पूना हॉर्स’चे नेतृत्व करताना सियालकोट आघाडीवर १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले, तेही या अमेरिकी रणगाड्यांशी झुंजताना. आयझेनहॉवर यांच्या पत्रातील आश्वासनाचे वजन कळायला हवे असेल, तर अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) रणगाडा संग्रहालयातील पॅटनसमोर जाऊन उभे राहावे.

१८/
मराठी वाचकाला या साऱ्यात हटकून तैनाती फौज आठवते आणि ‘सीटो म्हणजे विसाव्या शतकातला वसईचा तह’ असे वाक्य तयार होते. ते मोडून काढले पाहिजे, कारण दोन्ही गोष्टी त्याने चुकीच्या समजतात. ३१ डिसेंबर १८०२च्या वसईच्या तहाने बाजीराव दुसऱ्याकडून २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख घेतला, कायमची फौज बसवली आणि परराष्ट्रव्यवहार कंपनीच्या सल्ल्याला बांधला. त्या बदल्यात कंपनीने शब्द पाळला : मे १८०३मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेच्या आधाराने पेशवा पुण्याच्या गादीवर परतला. तेथे संरक्षण खरे होते आणि स्वातंत्र्य गेले. मनिलात स्वातंत्र्य बव्हंशी राहिले आणि संरक्षणच नव्हते. दोन निराळे रोग आहेत. एकाच नावाने ओळखले तर दोन्हींवर उपाय चुकेल.

१९/
भारतानेही पुढे महासत्तेशी करार केलाच : ९ ऑगस्ट १९७१चा भारत-सोव्हिएत करार. त्याच्या नवव्या कलमातही हल्ला किंवा हल्ल्याची धमकी आल्यास ‘तत्काळ विचारविनिमय’ एवढेच आहे. पण शत्रू अमुकच असावा अशी अट तेथे नाही, आणि दिल्लीने त्या कलमावर विसंबून फौज अर्धी ठेवली नाही. डिसेंबरमध्ये लढले ते भारतीय सैन्य. मॉस्कोचे काम सुरक्षा परिषदेत होते आणि ते त्याने केले. त्याच महिन्यात बंगालच्या उपसागराकडे निघालेले अमेरिकी आरमारही सीटोच्या नावाने आले नव्हते. पूर्व बंगालमुळे पाकिस्तानला आग्नेय आशियाशी भौगोलिक नाते सांगता येत होते. तोच गेल्यावर १९७२मध्ये त्याने सीटो सोडण्याची घोषणा केली.

२०/
३० जून १९७७ रोजी सीटो विसर्जित झाली. इराणमधील क्रांतीनंतर, १९७९मध्ये, सेंटोही संपली. मागे राहिले ते कोणी मुख्य उद्देश म्हणून मांडले नव्हते : बँकॉकच्या सीटो अभियांत्रिकी शाळेतून वाढलेली आशियाई तंत्रज्ञान संस्था, आणि १९६० साली ढाक्यात उभी राहिलेली सीटो पटकी संशोधन प्रयोगशाळा, जेथे १९६८मध्ये तोंडावाटे द्यायच्या मीठ-साखर-पाण्याच्या उपचाराच्या निर्णायक चाचण्या झाल्या.

करार स्वतः मात्र कधी रद्द झालेला नाही. संघटना गेली, कार्यालय गेले. ती अकरा कलमे थायलंड आणि अमेरिका यांच्यात आजही लागू आहेत, थानात खोमान यांनी १९६२मध्ये लिहून घेतलेल्या त्या एका निवेदनासह.